आढ्याला बसलेली ऊब

जुन्या कौलारू घरात बुटका माळा होता आणि माळ्यावर कडबा रचलेला असायचा. बाहेर कितीही हीव पडलं तरी खालची खोली उबदार. घर नवं करताना साळुबाई लेकाला म्हणाली होती, "पत्रा घाल बाबा, पर माळा ठेव." पण सुदर्शननं कुठल्याशा रिसॉर्टचं छत पाहिलं आणि त्याच्या अंगात वारं शिरलं. त्यानं माळा काढला, छप्पर मधोमध उंच चढवलं, खालून पत्रा उघडाच ठेवला. बेल्ह्याच्या बाजाराला आलेले ओळखीचे लोक डोकावून मान वर करत, "लई भारी, राव!"

थंडी पडली तेव्हा त्यातलं भारीपण त्याच्या बायकोला, अश्विनीला कळलं. ती नुकतीच बाळंत झालेली. पोर वजनाला कमी, ऊब सुटू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. साळुबाई खोलीत शेगडी पेटवायची. ऊब सरळ आढ्याला जाऊन बसायची आणि पाळण्यातल्या लेकीचे पाय गारच. सुदर्शन म्हणायचा, "अजून एक गोधडी घाल की."

एकदा त्याला जेवायला बोलवायला अश्विनी कोंबड्यांच्या शेडवर गेली; तिथं तो कंपनीची पिल्लं वाढवायचा. पिल्लांच्या डोक्यावर, अगदी खाली, गोणपाटाचं छत ताणलेलं. जमिनीवर भाताचं तूस. सुदर्शन वाकून थर्मामीटर बघत होता.

"ऊब वर पळती ना," तो मायेनं म्हणाला, "म्हणून छत खाली घ्यावं लागतं."

अश्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं थर्मामीटर ओढून काढला आणि घरी आणून पाळण्याला टांगला. तो ओरडत मागोमाग आला, "अगं, पिल्लं मरतील!"

"थांबा जरा. बघा."

पारा दोघांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

"पिल्लं मेली तर कंपनी जाब विचारती. हिचा कोण विचारणार? तुमाला कळत नसतं तर मी गप बसले असते. तुमाला सगळं कळत व्हतं!"

"बारशाला पावणं येणार, छत झाकलं तर..."

"पावण्यांनी पाळण्यात बघावं. नाय बघायचं त्यांनी आल्या वाटंनं जावं."

साळुबाईनं शिडी आणून भिंतीला लावली. "चढ," ती लेकाला म्हणाली.

बारशाला पाहुण्यांनी सवयीनं माना वर केल्या. वर आडवे बांबू, त्यावर गोणपाट आणि कडबा. कुणी भारी म्हणालं नाही. अश्विनीनं लेकीचे पायमोजे काढून पाय मुठीत धरले. ऊन होते. सुदर्शन हसून तिच्याकडे बघत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.