रुग्णाचं नाव सांगा

संगणक बसवायला आलेल्या सत्यजीतने किशोरीच्या हेडफोनचा माईक काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. एकवीस वर्षं ती पनवेलच्या या इस्पितळात फोन उचलत होती. आता फोनवर संगणक बोलणार; तिने फक्त ऐकायचं आणि तो चुकला तर वहीत टिपायचं. गप्प बसायचा पगार, तोही महिनाअखेरपर्यंत.

आठवडाभर संगणक आणि टेलिफोन एक्स्चेंज एकमेकांशी बोलतच नव्हते. एक्स्चेंज जुनं, त्याला संगणकाचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची रीत, कळत नाही, असं सत्यजीतचं म्हणणं. शेवटी मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम बसवला, तेव्हा कुठे सोयरीक जमली. मॅनेजरांनी पेढे वाटले. एक किशोरीनेही खाल्ला.

दहाला नेऱ्याहून चंद्रावतीचा फोन आला. तिचा नवरा महादेव नऊ दिवस अतिदक्षता विभागात होता. रोज याच वेळी ती "आमचे मालक कशे हायत?" एवढंच विचारी आणि किशोरी थेट सिस्टरला जोडून देई. नाव किशोरीने पहिल्या दिवशी एकदाच विचारलं होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं म्हातारीने समजावलं होतं आणि शेजारणीला फोनवर बोलावून नाव तिच्याकडून वदवलं होतं.

"रुग्णाचं नाव सांगा," संगणक म्हणाला.

"किशोरी हाय का तिथं?"

"किशोरी नावाचा रुग्ण आढळला नाही."

किशोरीचा हात ड्रॉवरकडे गेला.

"मॅडम, मध्ये पडलात तर टेस्ट पुन्हा पहिल्यापासून," सत्यजीत हळूच म्हणाला. माणूस वाईट नव्हता. सकाळचा चहा त्यानेच आणून दिला होता.

"त्या नाव घेणार नाहीत."

"घेतील हो. सगळे घेतात."

"शेजारीण बाजारात गेलीय," म्हातारी संगणकाची समजूत घालत होती. "दाराजवलची खाट हाय बघा. उंच हायत. कपालावर वण हाय."

"रुग्णाचं नाव सांगा."

मग पदर तोंडावर धरून बोलावं तसं, एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा,

"महादेव."

सत्यजीतने यादीवर बरोबरची खूण करायला पेन उघडलं.

"क्षमस्व, ऐकू आलं नाही. कृपया मोठ्याने पुन्हा सांगा."

किशोरीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तरी तिला नाव ऐकू आलं.