उताणी पडलेली बायो

परेशच्या पोटात दुखायला लागलं ते बायो तळहाताएवढी झाली तेव्हापासून.

बायो म्हणजे केतनने पाळलेली टॅरंटुला, चांगली केसाळ, गलेलठ्ठ, आठ पायांची कोळीण. केतन परेशचा मावसभाऊ, राहायला गव्हाणला. खरं दुखणं हे, की बायो मुळात परेशची. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये तो कैक वर्षं टॅरंटुला पाळत होता. पनवेलात कुणाची टॅरंटुला खाईना झाली की फोन त्यालाच यायचा. बायो तेव्हा नखाएवढी होती, अगदी मरतुकडी. ही काही जगत नाही, म्हणून त्याने ती केतनच्या गळ्यात मारली. आणि त्या येड्याने तिला अशी पोसली, की परेशच्या घरातली एकही तिच्या पासंगाला पुरेना. लोक बघायला गव्हाणला जायला लागले. हळूहळू फोनही केतनलाच यायला लागले. परेश तोंडाने "छान, छान" म्हणायचा आणि आतल्या आत जळायचा.

त्या रविवारी दुपारी केतनचा फोन आला. आवाज रडवेला.

"दादा, बायो उताणी पडलीय. बरेच दिस काय खात पण नव्हती. तू ये ना."

परेश बाइक काढून गेला. केतनने त्याला हाताला धरूनच काचेच्या पेटीपाशी नेलं. मागे केतनची आई, सत्यवती मावशी उभी होती, बाजारातून मासे विकून नुकतीच आलेली.

परेशने वाकून बघितलं आणि त्याला एका नजरेत कळलं. मरणारी टॅरंटुला पाय पोटाखाली मुठीसारखे आवळून घेते. हिचे पाय सैल पसरलेले होते. खाली तिने स्वतःच जाळ्याची गादी विणली होती. पोट टम्म होतं. बायो कात टाकत होती, दुसरं काही नाही. आजवर ती करवंटीखाली लपून कात टाकायची, केतनला नंतर नुसतं सालपट सापडायचं. आता करवंटीत मावेना, म्हणून उघड्यावर आडवी झाली होती. कातीतून निघाली की आणखी मोठी होणार होती.

आणखी मोठी! ही माझ्याकडे असायला हवी होती, परेशच्या मनात आलं. माझ्याकडे.

"काय हाय रे तिला?" केतनने विचारलं.

"गेल्यात जमा आहे," परेश म्हणाला. "आता काही होत नाही."

केतनने पेटीच्या काचेवर हात ठेवला. "तरास होत असंल तिला?"

"होणारच की." हे बोलताना परेशची जीभ जराही अडखळली नाही. "मी घेऊन जातो तिला. मेल्यावर औषधात घालून ठेवीन, निदान आठवण राहील."

"ने दादा. तुजीच व्हती ती."

घरी न्यायची, कात पुरी होऊ द्यायची आणि केतनला सांगायचं की गेली. परेशचा बेत ठरला. पण धक्का लागून चालणार नव्हतं, म्हणून तो मऊ अस्तराचा डबा आणायला घरी परतला. जाता-येता तो चक्क शीळ घालत होता.

परत आला तेव्हा पेटी रिकामी होती.

"बायो कुठाय?"

केतन ओटीवर मावशीच्या मासळीच्या बर्फपेटीजवळ बसला होता. डोळे लाल.

"आमी जिती चिंबोरी कदी तोडत नाय," मावशी समजुतीच्या सुरात म्हणाली. "आदी बर्फात निजवतो. तिला काय कलत नाय मंग. ही पण त्या खेकड्यांतलीच ना? मीच बोलले याला, कशाला तरफडत ठेवतोस."

परेशने झाकण उघडलं. बर्फात खोचलेल्या डब्यात बायो होती. जुनी कात कडेने उकलली होती आणि तिच्यातून नवे, फिकट गुलाबी दोन पाय अर्धेमुर्धे बाहेर आले होते. बोट लावलं तर लाकडासारखे कडक.

केतनने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरा झाला तू आलास दादा. नायतर मी येडा, नुसती वाट बगत बसलो असतो."