गंगावेशीची टाचणी

टाचणीचं लाल डोकं त्यानं अंगठ्याखाली दाबून धरलं होतं. भिंतीवरच्या नकाशात अशा दोनशे टाचण्या – एक टाचणी म्हणजे एक पोलीस – आणि गंगावेशीच्या वळणावरून काढलेली ही एकच सहायक निरीक्षक सिकंदर शिकलगारच्या मुठीत.

नकाशापुढे अनुजा बोलत होती. नोकरीत त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी, नाशिकहून बदलून येऊन तीन महिने झालेले, आणि आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीच्या बंदोबस्ताचा आराखडा मात्र तिच्याकडे. अकरा देशांचे सायकलस्वार रविवारी संध्याकाळी सहाला गंगावेशीतून शहरात शिरणार होते. ती बोलायची आणि अधीक्षक साहेब मान डोलवायचे. तिला 'अनुजा', आणि त्याला चौदा वर्षांच्या नोकरीनंतरही नुसतं 'शिकलगार'... जळफळाट म्हणतात तो हाच, हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो घशाशी येतच होता. या गावची बोळ न् बोळ ज्याला पाठ तो मागच्या रांगेत, आणि जिला परवापर्यंत ड्रायव्हरला रस्ता विचारावा लागायचा ती पुढे!

"सायेब," शेजारचा हवालदार बाळासो कुजबुजला, "गंगावेशीत सांच्याला म्हशी येत्यात की, दूधकट्ट्यावर. गवळ्यास्नी कुणी सांगिटलंय का न्हाय?"

"गप बस."

बाळासोला आज सुचलं. सिकंदरला परवाच. रोज सांजेला गवळी म्हशी घेऊन येणार, गिऱ्हाइकासमोर धार काढणार, उभ्या उभ्या पेला भरून देणार – लहानपणी अब्बांचं बोट धरून तोही ओठांवर फेसाची मिशी घेऊन घरी परतायचा... बाहेरच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? तिनं रस्ता बंद केला तो गाड्यांना. म्हशी बोळातून येतात, सवयीनं येतात. दोन दिवस तो एकच चित्र चघळत होता: वळणावर सुसाट सायकली, आडवी म्हैस, साहेबांचा संताप, तिचा पडलेला चेहरा. त्या चित्रात एक सायकलस्वारही खाली पडायचा, त्याच्याकडे त्यानं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"काही राहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर," अनुजा म्हणाली. "गंगावेशीचा भाग परवा शिकलगार सरांना दाखवला. ते ठीक आहे म्हणाले, म्हणून मी पुन्हा बघितलाच नाही. तपासणारे अधिकारी म्हणून त्यांचंच नाव घातलंय."

आणि ती त्याच्याकडे बघून हसली, अगदी मनापासून.

ठीक आहे... म्हणालाच होता तो. चहाचा घोट घेता घेता.

सगळे वळून बघत होते. बोलावं, तर परवा का नाही बोललास? गप्प राहावं, तर रविवार. पण जाळत होतं ते तिसरंच. साहेबांची मर्जी, तो नकाशा, 'अनुजा' ही हाक – सगळं एकाएकी किरकोळ झालं, आणि हेवा वाटला तो तिच्या त्या हसण्याचा. कुणाच्या शब्दावर असं डोळे मिटून विसंबणं... आपल्याला कधी जमलं होतं?

"शिकलगार?" साहेब थांबले होते.

टाचणी तळव्यात रुतली होती. मूठ उघडली तर ती सगळ्यांना दिसणार होती.