बावीस किलो

साल २०२२. तुयेच्या जिममध्ये सगळ्या कारखान्यातल्या मुली, आणि त्यांच्यात मी, सासष्ट वर्षांची, पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घातलेली.

"मावशे, तुका उचलूचां कितां?" शिकवणाऱ्या क्षमाने विचारलं.

"बावीस किलो. छातीकडे धरून चाळीस पायऱ्या."

"तांदूळ?"

"गणपती."

शेजारच्या मुलीने हातातलं वजन हळूच खाली ठेवलं.

आमचं घर हळर्णला, टेकडीवर. रिक्षा खालीच थांबते. मूल नाही. हे होते तोवर मूर्ती हे आणत, नंतर धाकटे दीर भिकाजीभाऊ पणजीहून येऊन आणत. त्या वर्षी त्यांचा फोन आला, "वयनी, माजे गुडघे गेले. आता मूर्ती वर कोण हाडतलो? यंदा पाट पणजेक धाडूया."

मूर्ती ज्यावर घडवून आणतात तो घरचा पाट गेला की गणपती गेला. वर्षातला तो दीड दिवसच माझ्या घरात माणसं असायची.

"मी हाडतंय," मी म्हटलं. ते हसले.

क्षमाने वाळूची पिशवी दिली. "कमरेत वाकू नको. पायांनी ऊठ." आठ किलो, बारा, सोळा. घरी मी तांदळाचं पोतं कवटाळून पायऱ्या चढायची. खालच्या घरातली चंद्रावती ओट्यावरून ओरडायची, "सुमंगले, आज कोणाक गे पळवन व्हरतंस?"

ऑगस्टात बावीस किलो छातीशी धरून मी न थांबता वर पोचले.

चतुर्थीच्या सकाळी आमचा गणपती घडवणाऱ्या गोकुळदासच्या चित्रशाळेत गेले. पाट आमचाच होता. त्यावरची मूर्ती जेमतेम वीतभर.

"वयनी, तू एकटी," गोकुळदास म्हणाला. "तुका जड जातली म्हण यंदा ल्हान केली."

पाट धरून मी पायांनी उठले. हात गरजेपेक्षा उंच गेले. त्याने मायेने केलं होतं. दारात मात्र वळले. "फुडल्या वर्सा आदली होती तेवडीच कर."

"करतंय."

चाळीस पायऱ्या सहज संपल्या. भिकाजीभाऊ दुपारी काठी टेकत वर आले. मूर्तीकडे बघून म्हणाले, "ही कोणीय हाडली असती."

पुढच्या चतुर्थीआधीच गोकुळदास गेला. त्याचा मुलगा साच्यातल्या मूर्ती करतो, सगळ्या एका मापाच्या, हलक्या. भिकाजीभाऊ आता येत नाहीत. पूजेला भटजी येतात आणि आरती मी एकटी म्हणते. क्षमा लग्न होऊन साखळीला गेली. जिमच्या जागी गोदाम आहे. चंद्रावतीला तिच्या मुलीने डिचोलीला नेलं.

दर शनिवारी मी पोतं छातीशी धरून पायऱ्या चढते. बावीस किलो. चंद्रावतीच्या ओट्यासमोर जरा थांबते. दमले म्हणून नव्हे. मग वर जाते.