पहिल्या घासाचा नियम
छापखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची शिस्त जेवणाच्या ताटातही सुटत नाही. फोरमननी निवृत्त झाल्यावर जुन्या सोबत्यांना गोळा करून खाद्यमंडळ काढलं आणि पहिल्याच बैठकीत त्याला नियम लावून टाकले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एका नव्या देशाचं जेवण. ज्याची पाळी त्याने हॉटेल निवडायचं, सगळ्यांसाठी त्यानेच मागवायचं आणि पहिला घासही त्याचाच. तो घास खाऊन त्याने निकाल दिला की मग बाकीच्यांनी चमचे उचलायचे. तोवर पोटात कावळे ओरडत असले तरी ओरडू द्यायचे.

मंडळ म्हणजे तरी किती, फोरमन धरून तिघं सोबती आणि फोरमनची बायको. एक बाइंडर, गडी मोठा दिलदार, पण तोंडाला झाकण नाही. दुसऱ्या प्रूफवाल्या ताई, ज्या मेनूकार्डातल्या चुकाही पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवत. फोरमनच्या बायकोला दोघंही वहिनी म्हणत. वहिनींना परदेशी जेवणाचं फारसं कौतुक नव्हतं. नवऱ्याचा चेहरा पहिल्या घासाला कसा गंभीर होतो, ते बघायला त्या जात. न्यायाधीश फाशी सुनावताना इतका गंभीर होत नसेल, असं त्या म्हणत.

सहा महिन्यांपूर्वी फोरमनना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, बोलणं तुटक का होईना परत आलं, पण गिळणं काही नीट होईना. घास पोटात जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरायचा. एकदा तसा उतरला आणि न्यूमोनिया झाला. अकरा दिवस नाकातोंडात नळ्या होत्या. घरी सोडताना डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेतलं. "सगळं मिक्सरमधून काढून द्यायचं. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून. पुन्हा असं झालं तर आमच्याही हातात काही राहणार नाही."

तेव्हापासून वहिनींच्या घरात सकाळ-संध्याकाळ मिक्सर गरगरत होता. भाजी असो, अंडं असो, शेवटी वाटीत एकच लगदा. फोरमन तो निमूटपणे खात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पेपर बंद, रेडिओ बंद. माणूस डोळ्यांदेखत आटत चालला होता आणि वहिनींना ते दिसत होतं. दिसून करायचं काय?

म्हणून गेल्या महिन्यात ताईंची पाळी आली, तेव्हा वहिनी फोरमनना घेऊन गेल्या. जपानी हॉटेल होतं. आधी फोन करून त्यांनी तिथल्या स्वयंपाक्याला मासा आणि भात मिक्सरमधून काढायला लावला. बिचाऱ्याने वर हिरवं पानही ठेवलं. फोरमननी चमचाभर जिभेवर घेतलं आणि म्हणाले, "खळ."

पुठ्ठे चिकटवायची खळ. बाइंडर खो खो हसला. मग वहिनींचं तोंड बघून गप्प झाला.

या महिन्यात पाळी फोरमनची होती. त्या रविवारी ते पहाटेच उठून बसले, डाव्या हाताने दाढी केली, दोन ठिकाणी कापूनही घेतलं. हॉटेल त्यांनीच निवडलं होतं, मोरोक्कोचं. वहिनींनी तिथेही आधी फोन केला.

टेबलावर मातीचं मोठं भांडं आलं. वेटरने उंच झाकण उचललं तशी मटणाची आणि जर्दाळूंची वाफ सगळ्यांच्या तोंडावर आली. फोरमनसमोर वेगळी वाटी ठेवली गेली. आत तपकिरी लगदा होता.

फोरमननी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते भांड्याकडे बघत बसले.

"अहो, घ्या ना," वहिनी म्हणाल्या. "तेच आहे ते, फक्त बारीक केलंय."

फोरमननी वाटी बोटाने लांब सारली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. रसावर चरबीची साय धरू लागली. बाइंडरने चमचा उचलला आणि परत ठेवला. वेटर येऊन विचारून गेला, काही चुकलं का म्हणून. ताई हळूच म्हणाल्या, "आपण सुरुवात करायची का? आज नियम बाजूला ठेवू." फोरमननी त्यांच्याकडे असं पाहिलं की ताई खाली मान घालून मेनूकार्डातल्या चुका शोधू लागल्या.

"वहिनी," बाइंडर म्हणाला, "एक घास द्या की. लोण्यासारखं शिजलंय. एका घासाने काय होणार?"

वहिनींचा इतके दिवस धरून ठेवलेला राग एकदम उसळला. "तुमचं काय जातंय बोलायला? अशाच एका घासाने अकरा दिवस नळ्या लागल्या होत्या. श्वास कोंडला की काळेनिळे पडतात हे, आणि मी नुसती पाठ चोळत बसते. तेव्हा तुम्ही असता का तिथे?"

तिघांनाही हा माणूस हवा होता आणि एकालाही काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात फोरमननी डावा हात पुढे केला. चमचा भांड्यात घातला, मटणाचा तुकडा आणि अर्धा जर्दाळू उचलला. वहिनींनी त्यांचं मनगट पकडलं. रस टेबलावर सांडत होता, पण चमचा खाली येईना. लहान मूल असतं तर हिसकावून घेतला असता. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या हातातला घास चारचौघांत हिसकावायला वहिनींचं मन होईना. त्यांनी हात सोडला.

फोरमननी घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. ते चावत राहिले, इतका वेळ की ताईंनी जीव मुठीत धरला. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना गंभीरपणा सहा महिन्यांनी परत आला होता. वहिनींना रडू आलं, आणि त्याच वेळी त्यांची नजर नवऱ्याच्या घशावरून हलेना.

मग फोरमननी डोळे उघडले. गाल भरलेला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. गिळू का, असं ते तोंडाने विचारू शकत नव्हते, पण विचारत तेच होते.

वहिनींनी मान हलवली. नाही. आणि उजवा तळहात त्यांच्या हनुवटीखाली धरला.

फोरमन क्षणभर थांबले. मग खाली वाकून त्यांनी चावलेला घास बायकोच्या हातात टाकला. ताईंनी तोंड फिरवलं.

"मीठ कमी," फोरमन म्हणाले.

निकाल लागला. बाइंडरने नाक ओढलं आणि चमचा उचलला. मागोमाग ताईंनीही उचलला. दोघं खाऊ लागली, मान वर न करता, काम उरकावं तशी. वहिनी उजव्या मुठीत तो कोमट घास धरून बसल्या होत्या. समोर रुमाल होता, पण तो घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

फोरमननी पुन्हा चमचा भांड्यात घातला. या वेळी मोठा तुकडा उचलला, आणि तोंडाकडे नेता नेता ते बायकोकडे पाहून हसले, सहा महिन्यांत पहिल्यांदा.

वहिनींनी डावा हात पुढे केला.