बहुमताने ठरलेले अण्णा

बिंदुमाधवरावांना फोटोचं वावडं होतं. सर्व्हे कचेरीत उभा जन्म नकाशे काढण्यात घालवलेला हा माणूस म्हणायचा, "चेहरा काय, चार वर्षांनी बदलतो. नंदीचा डोंगर बदलत नाही. काढायचाच तर त्याचा फोटो काढा." त्यामुळे ते वारले आणि बंगळुरातल्या दक्षिणी समाजाच्या वाचनालयाने त्यांची तसबीर लावायचं ठरवलं, तेव्हा तसबीर कशावरून करायची हा प्रश्न पडला. निवृत्तीनंतर सगळी वर्षं त्यांनी त्या वाचनालयात फुकट काम केलं होतं, तेव्हा तसबीर तर लावायलाच हवी होती.

त्यांची एकुलती एक मुलगी अहल्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. ती त्यांना अण्णा म्हणायची. तिने घरभर शोधलं. लग्नातला फोटो वाळवीने खाल्ला होता. उरला एकच. होसकोट्याच्या तलावाची मोजणी संपली, तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी बांधावर उभं राहून काढून घेतलेला. मध्ये खुर्चीवर साहेब, भोवती सगळे काळ्या बंद कोटात, सगळ्यांच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा आणि सगळ्यांना मिशा. तिऱ्हाइताने पाहिलं तर वाटावं, एकाच माणसाला पंधरा वेळा उभं केलंय.

"मागची ओळ, डावीकडून तिसरे," तिने समाजाच्या चिटणिसांना सांगितलं. "तेव्हा चष्मा नव्हता. तो घालायला सांगा. जाड काळ्या काड्यांचा."

"डोन्ट वरी, अहल्याबाई," चिटणीस दामोदर करंबेळकर म्हणाले. ते पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. "मी जातीने स्टुडिओत जातो."

अनावरणाच्या दिवशी वाचनालयाचा दिवाणखाना गच्च भरला. एका निवृत्त जज्जसाहेबांनी दोरी ओढली, रेशमी कापड खाली आलं, टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या अहल्येने वर पाहिलं. चौकटीत शेवंतीचा हार घातलेले हंबीरराव होते. डोळ्यांवर अण्णांचा चष्मा होता.

हंबीरराव म्हणजे अण्णांचे कचेरीतले सोबती. हेड ड्राफ्ट्समनची जागा अण्णांना मिळणार हे सगळ्या कचेरीने धरलेलं, आणि मिळाली ती हंबीररावांना. त्यानंतर अकरा वर्षं दोघे एकाच लांब टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून शिपायामार्फत बोलले. "त्यांना विचार, पट्टी झाली का." "त्यांना सांग, नाही झाली."

जज्जसाहेब बोलायला उभे राहिले. "मी बिंदुमाधवरावांना प्रत्यक्ष भेटलो नाही, हे माझं दुर्दैव. पण हे डोळे पाहा. ह्या डोळ्यांत मला निःस्पृहता दिसते."

अहल्येच्या शेजारी कृष्णाबाई बसली होती, अण्णांची थोरली बहीण. बंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत म्हणतात तसं अहल्या तिला अत्ते म्हणायची. अत्तेने तिच्या दंडाला चिमटा काढला. "अग्गो, हा तर हंबीर!"

"अत्ते, गप."

"गप काय? जित्या माणसाला हार घातलाय. अन् मागे वळून बघ की, तो स्वतः टाळ्या वाजवतोय."

ते खरं होतं. दुसऱ्या रांगेत हंबीरराव बसले होते आणि मनापासून टाळ्या वाजवत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कार्यक्रम संपल्यावर ते काठी टेकत तसबिरीपाशी गेले, नाक काचेला लागेल इतके जवळ, आणि बराच वेळ उभे राहिले. मग अहल्येकडे वळून म्हणाले, "हुबेहूब. बिंदू माझ्यापेक्षा देखणा होता. त्याला हे कधी बोललो नाही बघ मी."

घरी आल्यावर दोघी हसत सुटल्या. अत्ते भिंतीला टेकून हसली, हसता हसता रडली, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा हसली. तेवढ्यावर भागलं असतं. पण आठवडाभराने अहल्या सकाळी कॉफी गाळत होती, समोर रिकामा पाट होता, तिने सवयीने मनातल्या मनात त्या पाटावर अण्णांना बसवलं, आणि तिथे हंबीरराव येऊन बसले. चष्म्यासकट. तिने डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. आवाज अण्णांचा, हात अण्णांचे, बोटावरचा शाईचा डागसुद्धा अण्णांचा, आणि वर पेट्याखाली हंबीरराव.

ती मूळ फोटो आणायला करंबेळकरांकडे गेली.

"त्याचं काय झालं," करंबेळकर म्हणाले, "मला कन्नड येतं ते स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, एवढंच. म्हणून घरमालकांना विचारलं, डावीकडे म्हणजे काय. मल्लाप्पा म्हणाले, एडगडे. आता तुम्हीच सांगा, एडगडे! येडा गडी म्हटल्यासारखं वाटतं. गेलेल्या माणसाबद्दल, तेही परक्या दुकानात, असं कसं बोलायचं? म्हटलं, दुसरा शब्द आहे का? ते म्हणाले, बलगडे. तो कसा भारदस्त वाटला. तो वापरला."

"बलगडे म्हणजे उजवीकडे."

"हां, ते आता कळलं."

फोटो त्यांनी कपाटातून काढून दिला. बळेपेटेतल्या स्टुडिओच्या यल्लाप्पाची पद्धत अशी होती, की हवा तो माणूस ठेवायचा आणि बाकीचे पांढऱ्या रंगाने बुजवायचे, म्हणजे एकटा उठून दिसतो. बांधावर आता एकटे हंबीरराव उभे होते. भोवताली पंधरा पांढरी भुतं. अहल्येने घरी येऊन कापूस ओला केला आणि डावीकडून तिसऱ्या भुतावरून अगदी हलक्या हाताने फिरवला. रंग निघाला. त्याच्याबरोबर चेहराही निघाला. कापसावर करडा डाग आला आणि कागदावर कोटाचं वरचं बटण राहिलं.

तिने तो कापूस टाकला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग तिने समाजाच्या कार्यकारी मंडळापुढे जाऊन सांगितलं, की ती तसबीर उतरवा. अध्यक्ष भीमाचार्य वयाने वडील, घाईने काही करायचं नाही अशा स्वभावाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे तुमचे वडील नाहीत, असं आपलं म्हणणं."

"हो."

"पुरावा?"

"मी त्यांची मुलगी आहे."

"ते आहेच हो. पण मुलगी एक, सभासद दीडशे. अनावरणाला सगळे हजर. एकाने तरी हरकत घेतली?"

"त्या फोटोत सगळेच पेटेवाले, मिशीवाले. कोण ओळखणार?"

"मग तुम्ही तरी कशावरून ओळखलं?" कोपऱ्यातून एक सभासद म्हणाले, आणि आपल्या मुद्द्यावर स्वतःच खूश झाले.

"अहल्याबाई, प्रॅक्टिकली विचार करा," करंबेळकर समजुतीने म्हणाले. "चूक माझी, मान्य. पण जज्जसाहेबांना काय कळवायचं? तुम्हाला भलत्याच माणसाच्या डोळ्यांत निःस्पृहता दिसली म्हणून? खाली नाव बरोबर आहे, जन्म-मृत्यूची सालं बरोबर आहेत, चष्मा बरोबर आहे. फरक राहिला तो चेहऱ्याचा."

"आणि रागावू नका," कोपऱ्यातले सभासद म्हणाले, "पण तसबिरीतले बिंदुमाधवराव बिंदुमाधवरावांपेक्षा जरा बरे दिसतात."

भीमाचार्यांनी विषय मताला टाकला. सदर तसबीर कैलासवासी बिंदुमाधवराव यांचीच आहे असं मानावं, ह्या बाजूने सहा हात वर झाले. विरोधात एक झाला, पण तो पंखा जरा कमी करा म्हणून सांगण्यासाठी होता. नुकत्याच निवडणुका होऊन गेल्या होत्या. सगळंच बहुमताने ठरायचे ते दिवस, त्यात अण्णाही ठरले.

अहल्या बाहेर आली. अपमान झाला असं तिला वाटलं नाही, वेळ जातोय असं वाटलं. रोज थोडे थोडे अण्णा जात होते आणि थोडे थोडे हंबीरराव येत होते. त्या दिवशी सकाळी तर आवाजही जरा जाड झाल्यासारखा वाटला होता. आता एकच उपाय होता. हंबीररावांनी स्वतः येऊन तसबिरीशेजारी उभं राहायचं आणि सांगायचं, हा मी. त्यावर कोण मतदान घेणार?

रविवारी दुपारी ती घोड्याचा जटका करून चामराजपेटेत त्यांच्या घरी गेली. हंबीरराव व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. सुनेने कॉफी आणून दिली आणि ती आत गेली.

"राव, वाचनालयातली ती तसबीर अण्णांची नाही," अहल्या म्हणाली. "तुमची आहे."

हंबीररावांनी कप तोंडाशी नेलेला तसाच धरला. "माझी?"

"हो. स्टुडिओत चूक झाली."

"हार घातलेली?"

"हो."

म्हातारा आता घाबरेल, शकून-अपशकून काढेल, ह्या तयारीने ती आली होती. हंबीररावांनी कॉफीचा एक घोट घेतला.

"हार ताजा असतो?"

"दर गुरुवारी बदलतात."

"मोगऱ्याचा?"

"शेवंतीचा."

"सरी," ते म्हणाले. शेवंतीही चालण्यासारखी होती.

"तुम्ही येऊन सांगायला हवं, राव. तुम्ही सांगितलंत तर त्यांना काढावीच लागेल."

"काढून कुठे लावतील?"

"ते तुम्ही घरी आणा."

"घरी!" हंबीरराव हसले. आवाज खाली आणून म्हणाले, "सूनबाई भिंतीला खिळा मारू देत नाही. घर भाड्याचं. देवाचं कॅलेंडरसुद्धा खिडकीच्या गजाला बांधलंय. मी मेलो तर मला कुठे बांधतील, देव जाणे." त्यांनी कप खाली ठेवला. "अहल्ये, तुझ्या बापाची खुर्ची मी घेतली असं त्याला वाटायचं. मी मागितली नव्हती. साहेबाने दिली, नाही कशाला म्हणू? पण ही जागा मागतो. राहू दे मला तिथे. नाव त्याचं, चेहरा माझा. दोघांचं भागतंय."

"माझं नाही भागत."

"का?"

इतके दिवस ती सगळ्यांना पुरावे देत आली होती. हे कोणालाच सांगितलं नव्हतं. "मला अण्णांचा चेहरा आठवत नाही," ती म्हणाली. "आठवायला गेलं की तुमचा येतो."

रस्त्याने भाजीवाली ओरडत गेली.

"एवढंच ना?" हंबीरराव म्हणाले. "मग मला विचार की. अकरा वर्षं तो माझ्यासमोर बसला होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. त्याच्याकडे बघत बसण्यावाचून मला दुसरं काय काम होतं? हां, ऐक. कपाळावर तीन आठ्या. मधली तुटक, आपण नकाशात कच्चा रस्ता दाखवतो तशी. भुवया दाट, पण मध्ये जुळलेल्या नाहीत. पेन्सिल चावायचा, म्हणून खालचा ओठ कायम काळसर. थाप मारायची असली की कानाची पाळी ओढायचा."

"ओढायचे," अहल्या म्हणाली. "बाजारातून उशिरा आले की."

"बघ. आणि कान हे असे बाहेर आलेले. पेट्यामुळे आणखीच. हनुवटीला खळी."

"खळी नव्हती. दाढी करताना कापलेलं होतं, ते तसंच राहिलं."

"असेल. आणि हसायचा नाही. तुझ्या बापाला मी जन्मात हसताना पाहिला नाही."

"हसायचे की!" तिचा आवाज एवढा चढला की तीच दचकली. "घरी हसायचे. आधी नाक फुगायचं, मग डोळे मिटायचे, आणि आवाज यायचाच नाही. नुसते खांदे हलायचे."

"खोकला असेल."

"खोकला नाही, हसायचे. तुम्हालाच हसायचे. तुमच्या शिंकेला."

हंबीरराव खुर्चीत ताठ झाले. "माझ्या शिंकेला काय झालं?"

"नक्कल करायचे. रोज जेवताना. अत्तेला ठसका लागेपर्यंत."

"कशी?"

"राव, जाऊ द्या."

"जाऊ द्या काय? तो माणूस अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही आणि घरी जाऊन माझ्या शिंका काढत होता. करून दाखव. बघू दे तरी."

अहल्येने एकदा दाराकडे पाहिलं. पाठ सरळ केली. नाक फुगवलं, मान मागे नेली, डोळे घट्ट मिटले, आणि तसे मिटले तेव्हा समोर हंबीरराव नव्हते. अण्णा होते, पाटावर, उघड्या डोक्याने, हातातला घास ताटावर थबकलेला, शिंकेच्या जरासे अलीकडे अडकलेले. ती शिंकली. तीन टप्प्यांची ती शिंक होती, शेवटचा टप्पा घोड्याच्या खिंकाळण्यासारखा.

"छे," हंबीरराव म्हणाले. "मी असा शिंकत नाही. शेवटी मी शिव शिव म्हणतो."

"तेही करायचे. राहिलं."

"मग पुन्हा कर."

तिने पुन्हा केली. ह्या वेळी शिव शिवसकट, आणि डोळे जरा जास्त वेळ मिटून. आतून सून पदराला हात पुसत दारात आली आणि दोघांकडे आळीपाळीने बघत, सर्दी नक्की कोणाला झाली आहे, असं विचारू लागली.