एक पंचमांश

शुक्रवारी नारपोलीतले कापडाचे खडखडणारे लूम बंद असत, आणि मितेशच्या सायबर कॅफेत त्या दिवशी स्वतःचा विचार स्वतःला ऐकू येई. म्हणून शाळा सुटली की सुमतीबाई शुक्रवारीच तिथे जात.

"बाई, परत गणितच?" मितेश म्हणे. दहावीला त्याची गाडी गणितातच अडकली होती. "लोकं इथे निकाल बघायला येतात, स्थळं बघायला येतात. पैसे देऊन गणितं सोडवणारं गिऱ्हाईक तुम्हीच."

"तुला फुकट शिकवलं, तेव्हा तरी कुठे सोडवलीस?"

परदेशातली ती साइट दर महिन्याला कोडी देई. शिक्षकांसाठी वेगळं पान होतं: कोडं वर्गात कसं मांडावं, कुठे थांबावं. बाई ते नेमाने वाचत, पण मन दुसऱ्या पानावर जाई. तिथे मुलांची निवडक उत्तरं नावासकट छापत. फक्त अठराच्या आतल्यांची. बाईंनी पंचेचाळिशी ओलांडली होती. लग्नात एम.एस्सी. सुटलं, त्यानंतर त्यांना सगळ्यांनी पोर्शन संपला का एवढंच विचारलं होतं.

या वेळी एक चौरस होता. प्रत्येक कोपरा समोरच्या एका बाजूच्या मध्याशी ओळीने जोडला, की आत एक लहान तिरका चौरस उरतो. तो मोठ्याचा कितवा भाग?

घरी चहा उकळेपर्यंत बाईंनी कागदावर आकृती काढली आणि रेषांवरून कापली. कडेचे चार त्रिकोण बाजूंच्या मध्याभोवती अर्धा फेरा फिरवले. ओट्यावर पाच सारखे चौरस तयार झाले. एक पंचमांश. ना समीकरण, ना अक्षरं. चहा उतू गेला तरी त्या बघतच राहिल्या.

नववीत त्यांनी कोडं घातलं. उत्तर आणलं एकट्या क्षितिजाने. समरूप त्रिकोण, वर्गमुळं, पानंच्या पानं.

"बरोबर हाय ना, बाई?"

"बरोबर आहे. पण जवळच्या कल्याणला वाडा गावावरून फिरून गेलीस."

"पोचले ना?"

शुक्रवारी बाई तिचं उत्तर इंग्रजीत टाइप करायला बसल्या. मधेच बोटं थांबली. ही चार पानं गाळून तिथे चार त्रिकोण फिरवले तर? क्षितिजाला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. नाव तिचं राहील, उत्तर मात्र आपलं छापून येईल. एकदा तरी.

मग त्यांनी पुढचं वर्गमूळ टाइप केलं. पोरीने घातलेला प्रत्येक वळसा त्यांनी जसाच्या तसा ठेवला.

महिन्याने दोघी एका खुर्चीवर दाटीवाटीने बसल्या. बरोबर उत्तरांच्या यादीत क्षितिजाचं नाव होतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"स्क्रीनला हात न्हाय लावायचा," मितेश ओरडला.

यादीच्या वर एकच उत्तर चित्रासह छापलं होतं. दूरदेशीच्या कुणा मुलीचं. चार त्रिकोण, अर्धा फेरा, पाच चौरस.

"अय्या, बाई, नुसतं फिरवलंय हिने! हिला कसं सुचलं असंल?"

बाई चित्राकडे बघत राहिल्या. ओट्यावर होते तसेच तुकडे होते, अगदी त्याच जागी.

"कात्री घेऊन बसली असेल," त्या म्हणाल्या. "एकटीच."

निघताना त्यांनी मितेशला प्रिंट काढायला सांगितली.

"हिचं नाव आहे तेवढंच ना?"

"ते हिला दे," बाई म्हणाल्या. "वरचं मला."